एक कान पाण्याबाहेर

कसाऱ्याला गाडीच्या मागे जादा इंजिनं लागतात, तेव्हा डब्यात एक हलका धक्का बसतो. लहानपणी मे महिन्याच्या सुट्टीत आप्पामामा आम्हाला न्यायला यायचे आणि तो धक्का बसला की म्हणायचे, "बघ, पाठीला हात लागला. आता घाबरायचं नाही." थळ घाटाचा चढ ३७ फुटांना एक फूट आहे आणि भरलेली गाडी पुढच्या इंजिनाला एकट्याने ओढवत नाही, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा वाटायचं, मामा पोरांना पोहायला शिकवतात तसं कोणीतरी गाडीलाही शिकवतंय.

यंदा श्रावणात संध्याकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने ठाण्याहून मी एकटीच निघाले. आप्पांचं वर्षश्राद्ध होतं. इगतपुरीला पाऊस खिडकीतून सरळ अंगावर येत होता, तरी शटर ओढावंसं वाटेना. समोर बसलेल्या आजोबांनी मनमाडपर्यंतच्या लोकांशी गप्पा सुरू केल्या होत्या. कांद्याचे भाव, गंगापूर धरण किती भरलं, विसर्ग कधी सोडणार. नाशिकच्या माणसांच्या श्रावणातल्या गप्पा धरणाशिवाय पुऱ्या होत नाहीत. आमच्या घरी तर हे विषय आप्पांच्या तोंडून इतके ऐकलेले, की क्षणभर मी मान वळवून बघितलं.

नाशिकरोडला उतरले तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजून गेले होते. या स्टेशनाशी आमच्या घरातली एक गोष्ट जोडलेली आहे. १९६७ साली, एकोणिसाव्या वर्षी, आप्पा घरी न सांगता भरतीला उभे राहिले आणि तोफखान्यात निवडले गेले. आजीने रडून घर डोक्यावर घेतलं. पोरगा आता हिमालयात जाणार, परत कधी दिसेल कोण जाणे. आणि पोराला पाठवलं कुठे, तर नाशिकरोडला. तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र नाशिकरोड कॅम्पलाच आहे, पंचवटीतल्या आमच्या घरापासून दहा-एक किलोमीटरवर. पण त्या दहा किलोमीटरवरून प्रशिक्षण संपेपर्यंत त्यांना घरी येता आलं नाही. आजी रविवारी भाकरी आणि ठेचा फडक्यात बांधून कॅम्पच्या गेटपर्यंत जायची, पहाऱ्यावरच्या शिपायाला दोन शब्द बोलायची आणि फडकं तसंच घेऊन परत यायची. पुढे आप्पा जम्मूला होते, आसामात होते, पण "सगळ्यात लांब मी नाशिकरोडला होतो," असं ते म्हणायचे, आणि असं म्हणताना त्यांचा आवाज बसायचा.

रिक्षा द्वारकेवरून पंचवटीत शिरली, होळकर पुलावरून खाली गंगेचं पाणी काळं दिसलं. बाहेरच्यांसाठी ती गोदावरी. आम्हा पंचवटीकरांना ती गंगा. घाटावर जायचं तर "गंगेवर जाऊन येतो" असंच म्हणायचं. मामी ओट्यावर बसूनच होती. मला बघून म्हणाली, "जेवली नसशील ना? आमटी गरम करते." एवढंच. मग आत गेल्यावर, पाठमोरी असताना, "त्यांना तुझी गाडी चुकत नव्हती गं कधी. आज मीच तीनदा घड्याळ बघितलं," म्हणाली.

त्या घरात शिरलं की उजव्या हाताच्या भिंतीवर तीन रेघा आहेत. सगळ्यात वरची १९६९ च्या महापुराची, आजोबांनी गेरूने ओढलेली. ती माझ्या डोक्याच्याही वर आहे. तिच्याखाली दोन रेघा आप्पांनी निळ्या ऑइलपेंटने ओढल्या आहेत, २००८ ची आणि २०१६ ची. घराला कितीदा रंग दिला, पण रंगाऱ्याला पहिली ताकीद ही, की या रेघांना ब्रश लावायचा नाही. गेरूची रेघ मध्ये कुठेकुठे उडाली आहे. आप्पा ती भरायचे नाहीत. "ती बाबांच्या हातची आहे," म्हणायचे. १९६९ ला आप्पा घरी नव्हते, पलटणीत होते. पाणी चढलं तेव्हा आजीला आणि माझ्या आईला शेजारच्यांनी माळवदावर ओढून घेतलं. आईला ती रात्र अजून आठवते, नारोशंकराच्या देवळाच्या बाजूने पाण्याचा आवाज कसा येत होता ते. आप्पांना बातमी पत्राने कळली, आठवड्याने. अख्ख्या गंगेवर ज्याच्यासारखा पोहणारा नव्हता, तो पोरगा त्या रात्री घरापासून शेकडो मैलांवर तोफेला तेल देत होता. मला वाटतं, पुढची सगळी वर्षं आप्पा त्या एका रात्रीची भरपाई करत राहिले. त्यांनी हे कधी बोलून दाखवलं नाही. पण पुराची बातमी आली की ते घरात थांबायचे नाहीत.

पोहायला ते गांधी तलावात शिकले, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. रामकुंडाला लागूनच हा तलाव. त्या काळी पंचवटीतल्या पोराला पोहता येत नाही म्हणजे त्याला चालता येत नाही म्हटल्यासारखंच. होळकर पुलाजवळ काठावरून मुटके मारायचे, सूर मारायचे, रंगपंचमीला पेशवाईपासूनच्या रहाडींमध्ये धप्पा मारायचा. रहाड म्हणजे जमिनीखालचा दगडी हौद, वर्षभर मातीने बुजवलेला असतो, रंगपंचमीला उघडून रंगाने भरतात. आप्पा तिथेही पहिले असायचे. सैन्यात गेल्यावर कोणीतरी साहेबाने त्यांना तलावात बघितलं आणि रेजिमेंटच्या संघात घातलं. चारशे मीटर आणि पंधराशे मीटर फ्रीस्टाइल. दोन-तीन वर्षांत ते कमांडच्या स्पर्धांपर्यंत गेले. त्यांची पदकं मामीने साडीच्या खोक्यात ठेवली आहेत. रात्री जेवण झाल्यावर तिने खोकं पुढ्यात ठेवलं. सहा पदकं, फिती विटलेल्या. सगळी १९६९, ७० आणि ७१ मधली. त्यानंतरचं एकही नाही.

कारण डिसेंबर १९७१. आप्पांची तोफ पंचवीस पाउंडी होती. गोळा साधारण अकरा किलोचा, मारा बारा किलोमीटरपर्यंत. तोफेवर सहा माणसं, प्रत्येकाला नंबर. आप्पा चार नंबर, म्हणजे गोळा भरणारा. पश्चिम आघाडीवर लढाई तेरा-चौदा दिवस चालली, आणि त्यातल्या रात्री ते किती गोळे भरायचे याची मोजदाद त्यांनी सोडून दिली होती. कानात कापूस होता, कधी तोही नसायचा. एका रात्री शेजारची तोफ अनपेक्षितपणे आधी उडाली आणि आप्पांचा डावा कान तिच्या बाजूला होता. पडदा फाटला. कानातून रक्त आलं, ते त्यांनी मफलरला पुसलं आणि पुढचा गोळा भरला. हे मला त्यांनी नाही सांगितलं, त्यांच्या सुभेदारसाहेबांनी सांगितलं. त्यांच्याकडे मी दुसऱ्या दिवशी गेले, ते पुढे येईलच.

फाटलेला पडदा काही वेळा आपोआप भरून येतो. आप्पांचा आला नाही. वैद्यकीय श्रेणी खाली आली, आणि डॉक्टरांनी सांगितलं की कानात पाणी जाता कामा नये. गेलं तर कान वाहायला लागेल आणि आत थंड पाणी गेलं की चक्कर येईल. पोहताना चक्कर येणं म्हणजे काय हे पोहणाऱ्याला सांगावं लागत नाही. वर-खाली कळेनासं होतं. तेविसाव्या वर्षी चारशे मीटर संपलं, पंधराशे मीटर संपलं.

पण पाणी संपलं नाही. आप्पांनी स्वतःपुरती एक तऱ्हा बसवली. व्हॅसलीनमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा डाव्या कानात, उजव्या कुशीवर आडवं व्हायचं, डावा कान आभाळाकडे. उजवा हात पुढे पसरायचा, डाव्या हाताने पाणी मागे लोटायचं, पाय कात्रीसारखे. फ्रीस्टाइलचे हात मारायचे असले तरी मान पुरती खाली घालायचीच नाही, डावीकडे वळवून ठेवायची. मला आठवतात तसे आप्पा कायम असेच पोहताना आठवतात. एक गाल पाण्यावर टेकलेला, एक डोळा काठावर. उशीवर डोकं ठेवून पोरांकडे लक्ष देणाऱ्या माणसासारखे.

१९८४ ला हवालदार म्हणून निवृत्त होऊन ते पंचवटीत परत आले. एका बँकेत पहारेकऱ्याची नोकरी धरली. दुपारच्या पाळीची, मुद्दाम. सकाळ पोरांसाठी मोकळी हवी होती. साडेपाचला गंगेवर, सातपर्यंत शिकवणं, फी काही नाही. पुढे गंगेचं पाणी बिघडलं, पाणवेली आल्या, गटारांचं पाणी मिसळू लागलं, तेव्हा ते पोरांना महापालिकेच्या तलावावर न्यायला लागले. गंगा सोडताना त्यांना फार लागलं. ज्या पाण्यात आपण शिकलो त्यात पोराला उतरवायची भीती वाटते, याच्यासारखं दुःख नाही असं ते म्हणाले होते, आणि पहिल्यांदा मी त्यांना घाटाकडे पाठ करून बसलेलं बघितलं.

शिकवण्याची त्यांची रीत सांगते. पहिले चार दिवस पोहायचं नाहीच. पायरीवर बसून तोंड पाण्यात घालायचं, बुडबुडे काढायचे. मग डबा. पोटाखाली त्यांचा तळहात, सपाट, जड. तो हात कधी काढला जायचा ते कळायचं नाही, कारण ते बोलत राहायचे. दोन हात गेल्यावर पोराच्या लक्षात यायचं की आप्पा मागे राहिलेत. मग आरडाओरडा, नाकातोंडात पाणी, आणि काठावर आलं की मूठभर गूळ-शेंगदाणे. ज्या दिवशी डबा पाठीवरून निघायचा त्या दिवशी ते वहीत नाव लिहायचे आणि पुढे दोन शब्द, "डबा सुटला." अशा अकरा वह्या आहेत. दोनशे पानी, लांब, वाण्याकडे मिळतात तसल्या. माझं नाव तिसऱ्या वहीत आहे, १९९१ च्या मे महिन्यातलं. त्याच पानावर आमच्या गल्लीतली सात मुलं आणि चार मुली. मुलींना गंगेवर पोहायला पाठवायचं म्हणजे तेव्हा लोक नावं ठेवायचे. आप्पा घरोघर जाऊन बायांना सांगायचे, "पूर येतो तेव्हा तो मुलगा-मुलगी बघत नाही, वहिनी."

सकाळी मामेभावासोबत रामकुंडावर गेले. गेल्या वर्षी याच ठिकाणी अस्थी सोडल्या होत्या, अस्थिविलय तीर्थात. इथे अस्थी विरघळतात अशी श्रद्धा, म्हणून लोक कुठून कुठून येतात. १९४८ मध्ये गांधीजींचा रक्षाकलश इथेच आणला होता. गुरुजींनी पिंड मांडले. पाऊस बारीक होता, काठावर बुधवारच्या बाजाराची मांडामांड चालू होती, भाजीवाल्या प्लास्टिक ताणत होत्या. भावाचं लक्ष मंत्रांपेक्षा दुतोंड्या मारुतीकडे. माझंही.

नाशिकबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. पात्रात उभा असलेला हा दोन तोंडांचा, उंच मारुती म्हणजे गावाचा पूरमापक. धरणातून किती क्युसेक सोडले हे आकडे सरकारी कागदावर. गावात विचारतात, "मारुतीच्या कुठवर आलंय?" पायाला, गुडघ्याला, कमरेला, छातीला. कमरेला आलं की घाटावरचे टपरीवाले सामान उचलतात. छातीला आलं की सराफ बाजारात दुकानं रिकामी व्हायला लागतात. गळ्याला आलं की गल्लीतल्या म्हाताऱ्यांना हलवायचं. आप्पांचा नियम मात्र एक पायरी अलीकडचा होता. कमरेला आलं की म्हातारे हलवायचे, कारण म्हातारं माणूस लगेच निघत नाही, त्याला देव घ्यायचे असतात, औषधं घ्यायची असतात, कुलूप दोनदा बघायचं असतं. त्या कामाला त्यांनी वीस-पंचवीस पोरांची टोळी बांधली होती. प्रत्येकाकडे घरं वाटून दिलेली. घरात कोण आजारी, कोण एकटं, जिना कुठे अरुंद, सगळं तोंडपाठ.

त्या दिवशी पाणी मारुतीच्या पायांशी होतं. भाऊ हळूच म्हणाला, "पायाला आहे, आप्पा." कोणाला म्हणाला ते मला कळलं.

घाटावरून वर सरदार चौकाकडे जाताना रस्ता अरुंद होतो आणि चढतो. मी तिथे थांबले नाही. आप्पाही तिथे थांबायचे नाहीत. २७ ऑगस्ट २००३. सिंहस्थाचं शाही स्नान, आणि या उतारावर चेंगराचेंगरी होऊन ३९ माणसं गेली. आप्पा त्या दिवशी स्वयंसेवक म्हणून खाली कुंडाच्या पायऱ्यांवर होते, पाण्यात कोणी बुडू नये म्हणून. पाण्यात कोणी बुडालं नाही. माणसं जमिनीवर, श्वास कोंडून गेली. आप्पा वर पोहोचले तेव्हा उचलायचंच काम उरलं होतं, आणि ते त्यांनी संध्याकाळपर्यंत केलं. ५५ वर्षांचे होते. घरी आले आणि भिंतीच्या त्या रेघांखाली बसून राहिले, मामी सांगते. दोन दिवस जेवले नाहीत. मग वही काढून बसले आणि गर्दीचं लिहायला लागले. जाणारा रस्ता आणि येणारा रस्ता एक नको. पायऱ्यांची एक कड कायम मोकळी हवी, तिथे कोणालाही उभं राहू द्यायचं नाही. पुढच्यांना थांबवलं तर मागच्यांना आधी थांबवलं पाहिजे. दोरी धरणारा माणूस दर दोन तासांनी बदलायचा, कारण थकलेला माणूस ओरडतो आणि ओरडलं की गर्दी बिथरते. हे कागद घेऊन त्यांनी खूप ठिकाणी खेटे घातले. कुठे त्यांना खुर्ची मिळाली, कुठे "ठेवून जा" म्हणाले. २०१५ च्या सिंहस्थात ते ६७ वर्षांचे होते, गुडघे गेले होते, तरी त्यांची पोरं रामकुंडाच्या पायऱ्यांची एक कड मोकळी ठेवून उभी होती. आता २०२७ ला पुन्हा सिंहस्थ आहे. ती टोळी आत्तापासून रविवारी जमते. ते कागद आता लॅमिनेट केलेत.

दुपारी देवळालीला गेले. लॅम रोडवरून जाताना दोन्ही बाजूंनी जुनी झाडं, पारशी आणि गुजराती सॅनेटोरियमच्या कौलारू इमारती, हवा एकदम हलकी. पलीकडे भगूर. तोफखान्याचं मोठं विद्यालयही याच देवळालीत. मध्येच लांबून धप्प असा आवाज आला. रिक्षावाल्याने ढुंकून पाहिलं नाही. सराव असला की फायरिंग रेंजवरून असा आवाज येतोच. आप्पा आमच्याकडे ठाण्याला आले की दिवाळीच्या फटाक्यांनी दचकायचे, पण देवळालीच्या तोफेला कधी दचकले नाहीत. एका कानाने ऐकून सांगायचे, लांबची की जवळची, एक की दोन.

सुभेदारसाहेब ८२ वर्षांचे आहेत, मूळचे साताऱ्याकडचे, निवृत्तीनंतर इथेच राहिले. "बाळ, या बाजूला बस," असं म्हणून त्यांनी मला उजवीकडे बसवलं. त्यांचाही डावा कान गेलेला. तोफखान्यातल्या दोन म्हाताऱ्यांना एका बाकावर बसवायचं म्हणजे कोण कुठे बसणार याचा आधी विचार करावा लागतो, हे मी लहानपणी किती वेळा पाहिलं आहे. दरवर्षी २८ सप्टेंबरला, तोफखान्याच्या दिवशी, आप्पा इथे यायचे. १८२७ साली याच तारखेला मुंबई इलाख्यातली पाच नंबरची माउंटन बॅटरी उभी राहिली, त्याची ही आठवण. दोघं मिळून आधी चहा घ्यायचे, मग फारसं न बोलता बसून राहायचे.

"पायदळाला निशाण असतं," साहेब म्हणाले. "आपल्याला नसतं. तोफ हेच निशाण. तोफ सोडून मागे यायचं नाही. तुझ्या मामाला त्या रात्री मी मागे जा म्हणालो. नाही गेला. कानातून रक्त, आणि मला म्हणतो, साहेब, दिसतंय ना मला, मग झालं." ते थांबले. बोटांनी टेबलावरचा चष्म्याचा डबा सरळ केला, परत सरळ केला. "सकाळी मी त्याच्याशी बोलत होतो आणि तो नुसता हसत होता. ऐकू येत नव्हतं रे त्याला. मी विचारत होतो, पोहायचं काय होणार. त्याला वाटलं मी शाबासकी देतोय."

मी काय बोलणार होते? चहा निवला. निघताना त्यांनी मला जिन्यापर्यंत सोडलं आणि विचारलं, "ती टोळी आहे ना अजून? दोर बदलला का? नायलॉनचा दोर तीन पावसाळ्यांनंतर टाकून द्यायचा. त्याला सांगितलेलं मी." दोर बदलला आहे, मी सांगितलं. मला खात्री होती, कारण जुना मामीने वाळवणासाठी बांधलेला मी सकाळीच गच्चीवर बघितला होता.

दोराबद्दल आप्पांचं एक सूत्र पंचवटीतल्या प्रत्येक पोराला पाठ आहे. बुडणारा दिसला तर आधी आवाज, मग काठी, मग दोर, मग ट्यूब, आणि काहीच उरलं नाही तरच स्वतः. तेही समोरून नाही, मागून जायचं. समोरून गेलात तर तो तुमच्या गळ्याला मिठी मारतो, त्याचा दोष नसतो. सोमेश्वरच्या धबधब्यावर, गंगापूर धरणाच्या पाण्यात दर उन्हाळ्या-पावसाळ्यात पोरं जातात. एकाला वाचवायला दुसरा उडी मारतो आणि दोघंही जातात. आप्पांनी अशा कितीतरी पोरांना बाहेर काढलं, काही जिवंत, काही नाही. ती मोजदाद त्यांनी कुठेच लिहून ठेवली नाही. वह्यांमध्ये फक्त डबा सुटलेल्यांची नावं.

२०१६ चा पूर मी स्वतः पाहिला. २ ऑगस्टला सुट्टी घेऊन आले होते आणि अडकले. पाणी मारुतीच्या गळ्याच्या वर गेलं, सराफ बाजार, भांडी बाजार बुडाले, आमच्या घरात कमरेएवढं. ६८ वर्षांचे आप्पा गल्लीच्या टोकाला तिसऱ्या पायरीवर दोराचं टोक खांबाला बांधून उभे, पाण्यात उतरायला पोरांनी मनाई केलेली. "काका, तुम्ही फक्त सांगा," म्हणे. ते सांगत होते आणि पोरं ट्यूबवरून म्हाताऱ्यांना आणत होती. अकरा घरं रिकामी केली. दुसऱ्या दिवसापासून चिखल. तो चिखल काढत असतानाच, त्याच आठवड्यात, रिओ ऑलिम्पिकमध्ये दत्तू भोकनळ वल्हवायला उतरला. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा पोरगा, बापाबरोबर विहिरी खणणारा, बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाल्यावर पुण्याला वल्हं हातात घेतलेला. शेजाऱ्यांचा टीव्ही माडीवर होता म्हणून वाचलेला. चिखलाचे पाय घेऊन अख्खी गल्ली त्या माडीवर. दत्तू उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेला, शेवटी तेरावा आला. आप्पा उठून उभे राहिले होते, दोन्ही हात मागे, सावधानमध्ये. "प्यायला टँकर लागतो त्या गावाला," ते एवढंच म्हणाले. दोन वर्षांनी आशियाई स्पर्धेत त्याच्या नावेला सुवर्ण मिळालं तेव्हा त्यांनी वहीत लिहिलं. डबा सुटलेल्यांच्या वहीत, स्वतः न शिकवलेलं ते एकच नाव आहे.

परतीची गाडी संध्याकाळची होती. शेवटच्या दिवशी सकाळी सहाला मी तलावावर गेले. आप्पांचा चेला आता तिथे त्यांची पोरं शिकवतो. तिशीतला गृहस्थ, नोकरीला जाण्याआधी दीड तास, फी नाही. २००८ च्या पुरात तो दहावीत होता आणि आप्पांबरोबर पहिल्यांदा दोर धरला होता. "ताई, बाकावर बसा, ओलं आहे, थांबा पुसतो," म्हणाला. वही नंबर बारा त्याच्या पिशवीत होती. हिशोबाची तीच लांब वही.

दुसऱ्या लेनमध्ये कोणी प्रशिक्षक स्पर्धेच्या मुलांना शिकवत होते. माझी ओळख झाल्यावर ते अगदी मनापासून म्हणाले, "तुमच्या मामांची मुलं दमाला फार पक्की हो. पण स्पर्धेत अडतात. पंचवटीकडचं मूल मी लगेच ओळखतो. मान पुरती खाली घालतच नाहीत, सगळे डावीकडेच श्वास घेतात. किती सुधारलं तरी थकले की परत तेच."

मी पाण्याकडे बघितलं. आठ-नऊ मुलं होती. सगळ्यांची डोकी थोडी उजवीकडे कललेली, डावा कान वर, एक डोळा काठावर. मी आजपर्यंत शेकडो वेळा या मुलांना पोहताना पाहिलं असेल. मीही तशीच पोहते, ठाण्याच्या तलावावर एका बाईने मला त्याबद्दल विचारलंही होतं, आणि मला उत्तर सुचलं नव्हतं. आम्ही सगळे आप्पांकडे बघून शिकलो. त्यांनी आम्हाला कधीच सांगितलं नाही की ही मान अशी का आहे.

सात वर्षांची एक मुलगी काठाला आली. लाल टोपी, पुढचे दात पडलेले. गेल्या महिन्यात तिचा डबा सुटला होता, मी वहीत वाचलं. ती पोहायला लागली तेव्हा आप्पांना जाऊन दहा महिने झाले होते.

"तू हा कान वर का ठेवतेस गं?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे नवलाने बघितलं. टोपीखालचं पाणी हाताने निपटलं.

"असंच पोहतात ना," ती म्हणाली, आणि भिंतीला पाय लावून पलीकडे निघाली.